‘रहमीम’ला दया म्हणावं का?

प्रश्न आलाय तो असा: मुंबईच्या मांडवी भागात ‘शार हरहमीम’ नावाचं जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, आहे. नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’ असा सगळीकडे दिलेला असतो. यातलं ‘रहमीम’ म्हणजे आपलं ‘रहम’च का? आणि ज्यूंच्या धर्मग्रंथात येणारं ‘कोरबान’ आणि आपलं ‘कुर्बान’, यांचंही काही नातं आहे का?

दोन्हींचं उत्तर हो. चुलत भावंडं म्हणा. रहम, बेरहम, कुर्बान, कुर्बानी हे शब्द मूळचे अरबी, आपल्याकडे आले ते फारसीच्या वाटेनं. हिब्रू आणि अरबी एकाच घराण्यातल्या, दोघींचे धातू बहुतेक तीन व्यंजनांचे. र-ह-म दोघींकडे आहे, क-र-ब सुद्धा. (हिब्रूत स्वरानंतरचा ब पुष्कळदा व होतो, त्यामुळे अरबीत ‘करीब’ तर हिब्रूत ‘कारोव’.) जाता जाता सांगून टाकतो, ‘मेहेरबान’मधल्या ‘मेहेर’चा या र-ह-मशी काही संबंध नाही. तो फारसी शब्द.

माझी तक्रार आहे ती ‘दये’बद्दल.

हिब्रूत ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय. अरबीतही याच धातूचा शब्द गर्भाशयासाठी आहे. ‘रहमीम’ हे त्याच धातूचं नाम, आणि तेही कायम अनेकवचनी. आपल्याकडे डोहाळे लागतात ते नेहमी अनेकच, तसं. आधी गर्भाशय की आधी ममता, यावर पंडितांनी खुशाल भांडावं. शब्द ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही एकदमच वाजतात. आता मराठीत बघा. दया रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची येते, हरलेल्या शत्रूची येते. पोटच्या पोराची कुणी दया करत नाही. त्याच्यावर माया असते. वेदान्तातली माया नव्हे, आजीच्या हातातली.

तेहिलीम, म्हणजे बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं 103वं स्तोत्र घ्या. तेराव्या ओळीत ‘केरहेम आव अल बानीम’ असं आहे: बाप लेकरांवर माया करतो तशी देव त्याला भिऊन वागणाऱ्यांवर करतो. उपमा बापाची आहे, पण क्रियापद गर्भाशयाच्या धातूचं! कवीला हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भाषेत याचं वेगळं स्पष्टीकरण द्यायची गरजही नाही.

पण मला सगळ्यात आवडतं ते बायबलातल्या यिर्मया या संदेष्ट्याचं वाक्य. एफ्राईम हा वाट चुकलेला लेक, म्हणजे इस्राएलची उत्तरेकडची वंशशाखा. देव त्याच्यावर चिडलेला आहे, त्याच्याविरुद्ध बोलतोय, आणि बोलता बोलताच त्याला त्याची आठवण येते. पुढचे शब्द आहेत ‘हामू मेअय लो’. शब्दशः: माझी आतडी त्याच्यासाठी खळबळतात. आणि लगेच ‘रहेम अरहमेन्नू’, तोच धातू दोनदा, जोर देण्यासाठी. आतड्यांचं नाव घेतलं की काही भाषा बिचकतात आणि तिथे हृदय आणून बसवतात. मराठीला ती कसरत नको. ‘त्याच्यासाठी आतडं तुटतं’, ‘पोटात कालवतं’ हे आपण रोज बोलतो. हा उतारा रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू वर्षारंभाच्या, दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये वाचतात. त्याच दिवसांत ‘आवीनू मालकेनू’ ही विनवणी असते: आमच्या बापा, आमच्या राजा. आधी बाप, मग राजा. आपल्या ‘मायबाप सरकार’चाही क्रम तोच, हा एक गमतीचा योगायोग.

एक मान्य करायला हवं. यहुदी परंपरेत ‘मिद्दत हादीन’ आणि ‘मिद्दत हारहमीम’ अशी जोडी आहे, देवाचा न्यायाचा स्वभाव आणि रहमीमचा स्वभाव. तिथे देव न्यायासनावर बसलेला असतो, त्यामुळे तिथे ‘दया’ खपून जातं. इतर ठिकाणी मात्र मी ‘माया’ किंवा ‘कळवळा’च लिहीन.

आता कोरबान. आपल्या कानाला कुर्बानी म्हटलं की गमावणं ऐकू येतं, जीव ओवाळून टाकणं. मराठी बायबलात अर्पण, होमार्पण असे शब्द आहेत, त्यातून ‘दिलं’ एवढं कळतं. पण क-र-व या धातूचा अर्थ जवळ येणं. त्यामुळे कोरबान म्हणजे ज्यानं जवळ जाता येतं ते. बायबलातल्या लेवीय ग्रंथाच्या सुरुवातीला ‘अर्पण करतो’ यासाठी जे क्रियापद आहे, त्याचाही सरळ अर्थ ‘जवळ आणतो’. त्याच धातूचा ‘कारोव’ म्हणजे जवळचा आणि नातेवाईकही. आपणही ‘लग्नाला जवळचेच बोलावलेत’ म्हणतो, तेव्हा अंतर मोजत नसतो. आजच्या इस्राएलमध्ये मात्र ‘कोरबान’ अपघातात बळी पडलेल्यालाही म्हणतात. शब्दांचं असंच होतं.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि पशूंचे कोरबान थांबले. जवळ जायचं काम प्रार्थनेकडे आलं. रोज तीनदा म्हटल्या जाणाऱ्या 145व्या स्तोत्रात ‘कारोव अदोनाय लेखोल कोरआव’ असं आहे, हाक मारणाऱ्या सगळ्यांच्या देव जवळ आहे. हाक कशी मारावी, याचं उदाहरण हवं तर तालमुदातला, म्हणजे ज्यू पंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथातला, होनी बघा. दुष्काळात यानं जमिनीवर वर्तुळ काढलं, आत उभा राहिला आणि पाऊस पडल्याशिवाय हलणार नाही म्हणाला. भुरभुर आली तर ‘हा नको’, धो धो आला तर ‘असाही नको’. शिमोन बेन शेताह या ज्येष्ठांनी त्याला कळवलं की दुसरा कुणी असता तर बहिष्कारच घातला असता, पण तुझं काय करू? तू देवाकडे बापाजवळ पोरानं करावा तसा हट्ट करतोस. बाबा, गरम पाण्यानं आंघोळ घाल. बाबा, गार पाण्यानं. मला अक्रोड दे, बदाम दे, पीच दे, डाळिंब दे. आणि तो देतो! हे बोल रागाचे आहेत की कौतुकाचे, मला अजून ठरवता आलेलं नाही.

राहिलं सिनेगॉग. ते 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर, अर्थात सॅम्युएल दिवेकर, या बेने इस्राएल अधिकाऱ्यानं बांधलं. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू, घरची बोली मराठी, आणि सिनेगॉगला ते मशीदच म्हणत. मशीद स्टेशनचं नाव या ‘मशिदी’वरून पडलं असं सांगतात. दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले. ‘बेने इस्राएल’ हे नाव ऐकून टिपूच्या आईनं रदबदली केली आणि ते वाचले, अशी कथा समाजात चालत आली आहे. इतिहास म्हणून ती किती टिकेल ते जाऊ द्या. पण त्या नावाच्या इमारतीमागच्या कथेत मध्ये पडते ती कुणाची तरी आई, हे शब्दवेड्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

आणि ‘द्वार’ही नको. याच लोकांनी योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, मराठीत ‘दारफाळणीचा सण’ म्हटलं, दारं लावून घेण्याचा दिवस. त्या संध्याकाळच्या शेवटच्या प्रार्थनेचं हिब्रू नाव ‘नेईला’, त्याचाही अर्थ दार बंद करणं. तेव्हा शार हरहमीमचं मराठी मला विचाराल तर: मायेचं दार.