सोलापुरात स्वस्तातलं चायनीज: गाडी कशी ओळखावी, काय मागवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुळजापूर-अक्कलकोट करून संध्याकाळी सोलापुरात येणार, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला निघणार, मुलांना थाळीचा कंटाळा आलाय म्हणून चायनीज हवंय. स्वस्त, चालणारं, पोट न बिघडवणारं. सोबत सासूबाई पक्क्या शाकाहारी. एखादं नाव सांगा म्हणालात, पण ते मुद्दामच सांगत नाही. या चायनीजच्या हातगाड्यांची सगळी मदार आचाऱ्यावर असते. तो सोडून गेला की पाटी तीच राहते आणि चव बदलते. गाडी कशी ओळखायची तेवढं सांगतो.

आधी भाताकडे बघा. लोक चिकनचा संशय घेतात, भाताचा कुणी घेत नाही, आणि खरी गडबड बऱ्याचदा तिथेच असते. फ्राइड राइस मोकळा व्हावा म्हणून भात आधी शिजवून गार करतात, त्यात गैर काही नाही. पण दुपारी शिजवलेला भात आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात रात्रीपर्यंत उघड्यावर राहिला, की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात. त्यांचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष कढईतल्या जाळानेही जात नाही. त्यामुळे ‘समोर गरमागरम परतून दिलं’ एवढ्यावर विसंबू नका. गर्दीची गाडी निवडायची ती यासाठी. माल खपतो तिथे संध्याकाळी पुन्हा भात चढतो. गाडीमागे ताजा भात परातीत पसरून ठेवताना दिसला तर बिनधास्त बसा. रात्री नऊ वाजता घमेलं काठोकाठ भरलेलं आणि खुर्च्या रिकाम्या, तर पुढे चला.

गर्दी कसली आहे तेही बघा. वाइन शॉपशेजारची गर्दी चकण्यासाठी असते. तिथे मीठ-तिखट दामटून घालतात, आणि मुलांना घेऊन बसायलाही बरं वाटत नाही. कॉलेजची पोरं आणि स्कूटरवरून घरी पार्सल न्यायला आलेली माणसं दिसली, तर ती गाडी चांगली समजा. अशी माणसं त्याच गल्लीत राहतात, फसवलं तर दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. स्टेशनवरून रिक्षाने सात रस्ता किंवा नवी पेठेकडे गेलात तर पर्याय दिसतील. विजापूर रोड, जुळे सोलापूर तुमच्या वेळात जरा लांब पडेल.

मंचुरियनचं वेगळं आहे. कोबीचे गोळे दुपारीच तळून ठेवलेले असतात, ऑर्डर आली की पुन्हा तेलात सोडतात. तेल काळं आणि फेसाळलेलं दिसलं तर मंचुरियन सोडा, नूडल्स घ्या. लालभडक रंगही टाळा. शेजारच्या कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, कारण तपासलेल्या नमुन्यांत घातक रंग सापडले होते. बेडगी मिरचीची चटणी पडली की रंग विटकरी येतो. खाऊन बोटं गुलाबी झाली तर काय समजायचं ते समजा.

अजिनोमोटोची भीती मात्र मला तरी अवाजवी वाटते. नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, बहुतेक जण ऐकतात. तिखटाचं आधी सांगा! सोलापूरचं ‘मीडियम’ मुंबईकराच्या डोळ्यांतून पाणी काढतं. मुलांसाठी साधे हाक्का नूडल्स, शेजवान चटणी वेगळी वाटीत. मोठ्यांना ट्रिपल राइस (भात, नूडल्स आणि ग्रेव्ही एकत्र) चालेल, पण एक फुल दोघांत आरामात संपतं, आधीच तीन मागवू नका. सूप म्हणजे कॉर्नफ्लावरचं गरम पाणी, त्यावर पैसे घालवू नका.

आता सासूबाई. गाडीवर ‘व्हेज’ लिहिलेलं असलं तरी बहुतेक ठिकाणी कढई एक, पळी एक, आणि तळणीचं तेलही चिकन लॉलीपॉपचंच. देवदर्शन करून आलेल्या माणसाला हे नंतर कळलं तर वाईट वाटतं. त्यांच्यासाठी शुद्ध शाकाहारी हॉटेल बघा. उडपी पद्धतीच्या बऱ्याच हॉटेलांत संध्याकाळी चायनीज मिळतं. थोडं महाग पडेल, पण मग सगळ्यांनी तिथेच बसलेलं उत्तम. मुलांना तिथला शेजवान डोसाही चालेल.

‘अस्सल चायनीज मिळेल का’ असंही विचारलंत. नाही. चिकन मंचुरियनच मुळात नेल्सन वँग यांनी १९७५ साली मुंबईत केलं असं सांगतात, आणि आपल्या शेजवान चटणीत सिचुआनची जीभ बधिर करणारी मिरी नसतेच. तिची चुलत बहीण म्हणजे आपल्या कोकणातलं तिरफळ. अस्सलपणाची अपेक्षा ठेवलीत तर उगाच हिरमोड होईल.

रेल्वेत खायला पार्सल न्यायचं असेल तर स्टीलचा डबा द्या, आचारी नाही म्हणत नाहीत. ग्रेव्ही पिशवीत बांधून घेऊ नका. गरम रस्सा पातळ प्लास्टिकमध्ये नको, आणि वरच्या बर्थवर ती फुटली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. ड्राय नूडल्स घ्या आणि गाडी सुटल्यावर लगेच संपवा. उरले तर सकाळच्या नाश्त्याला ठेवू नका, त्यापेक्षा शेंगा चटणी आणि कडक भाकरी बरोबर घ्या.