युरोपातली लोकनृत्यं गावकरी अजून स्वतःसाठी नाचतात का?

तुम्ही विचारलंय की ही नृत्यं आता फक्त पर्यटकांपुरती उरली आहेत का. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात मी दोन वर्षं शिकायला होतो, तिथलं सांगतो. नाचतात, आणि मनापासून नाचतात.

तिथे ‘फेस्ट-नोज’ होतं. तिथल्या ब्रेटन भाषेत याचा अर्थ रात्रीचा उत्सव. शनिवारी रात्री गावच्या सभागृहात सगळे जमतात, कोपऱ्यात सफरचंदाची सायडर आणि कुट्टूच्या पिठाची धिरडी. पारंपरिक पोशाख नाही, रोजचेच कपडे.

पहिल्या वेळी मी भिंतीला टेकून उभा होतो. एका आजींनी काही न बोलता करंगळी पुढे केली. ‘आन द्रो’ या नाचात हात धरत नाहीत, शेजाऱ्याच्या करंगळीत करंगळी अडकवतात. तीन पावलं डावीकडे, तीन जागच्या जागी, आणि सगळ्यांचे हात एकत्र गोल फिरतात. माझं पाऊल चुकलं की आजी करंगळी हलकेच ओढायच्या. अर्ध्या तासात पाय आपोआप पडायला लागले.

मध्य ब्रिटनीतल्या गावॉत नाचाला तर कित्येकदा वाद्यही नसतं, दोनच गायक. पहिला ओळ म्हणतो, दुसरा तिच्या शेवटच्या अक्षरांवर सूर धरून तीच ओळ पुन्हा म्हणतो, आणि ती संपता संपता पहिला परत शिरतो. याला ‘कान आ दिस्कान’ म्हणतात. मध्ये श्वासाएवढीही फट राहत नाही, त्यामुळे पाय थांबत नाहीत.

या नाचांचं मूळ शेतकामात आहे. नवं खळं किंवा घराची मातीची जमीन केली की शेजाऱ्यांना नाचायला बोलवायचे. आपण चोपण्याने जमीन चोपतो, ती माणसं पायांनी चोपायची! पुढे यंत्रं आली, तरुण शहरांकडे गेले आणि हे जवळजवळ संपलं. 1950 च्या दशकात ब्रेटन गायक लोएझ रोपार्स आणि त्यांच्या सोबत्यांनी नाच खळ्यावरून सभागृहात आणला, म्हणून तो वाचला. 2012 मध्ये युनेस्कोने फेस्ट-नोजला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

जाणार असाल तर उन्हाळ्यात जा, गावच्या बेकरीच्या दारावर जाहिरात दिसेल. सपाट तळव्याचे बूट घाला. नाचणाऱ्यांची साखळी डावीकडे सरकते आणि डाव्या टोकाचा माणूस म्होरक्या असतो, त्याच्या पुढे उभं राहायचं नाही. शेपटाकडे जा आणि करंगळी पुढे करा.