मोहरीची उशी

“मॅडम, कोणता कॉट घेतला म्हणजे बाळाला काही होणार नाही, तेवढं सांगा.”

मी समुपदेशक आहे आणि नव्या आईबापांकडून हा प्रश्न मला कायम येतो. ‘काही होणार नाही’ ही वस्तू कुठल्याच दुकानात मिळत नाही, हे विचारणाऱ्यालाही आतून ठाऊक असतं. पण ‘कोणता कॉट’ याचं उत्तर मात्र शिंप्याच्या टेपने मोजून देता येतं. एका बडोदेकर मराठी कुटुंबाची ही गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

बाळ दीड महिन्याचं. त्यांच्या डॉक्टरांनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण लशीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर सासू-सुनेची अशी जुंपली की रडणारी बाळंसुद्धा गप्प झाली म्हणे. भांडणाचं कारण, बाळाने झोपायचं कशात.

घरात तीन पर्याय येऊन पडले होते. पहिला आजींच्या सासरचा पाळणा. दांडिया बाजारातला वाडा सोडून ही मंडळी वासणा रोडवर फ्लॅटमध्ये आली तेव्हा भांडी वाटून टाकली, पण पाळणा आणला. संखेडा गावचा, सागवानी, खरादावर कातून काढलेले दांडे, लाखेच्या तांबड्या रंगावर सोनेरी वेलबुट्टी. दुसरं शेजारच्या बेनने आपुलकीने दिलेलं घोडियुं. बाहेरच्यांसाठी सांगते, लोखंडी नाहीतर लाकडी घोडी, तिला टांगलेली कापडाची झोळी, आणि झोके द्यायला एक दोरी. बडोद्याचे आम्ही मराठी लोकही त्याला घोडियुंच म्हणतो. तिसरा पर्याय आजींच्या मुलाने ऑनलाइन मागवलेला ‘फोर-इन-वन’ कॉट. झुलतो, चाकांवर फिरतो, एक बाजू खाली सरकते, आणि बरोबर सात वस्तूंचा बिछाना: गादी, उशी, दोन लोड, रजई, कठड्याला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या आणि एक ससा. परत करायची मुदत संपायला चार दिवस उरले होते.

मी सहसा कुणाच्या घरी जात नाही. इथे गेले, कारण फोनवरच्या फोटोंत भांडण दिसतं, फटी दिसत नाहीत.

टेप आजींच्याच शिलाई मशीनच्या खणातून निघाला. मुद्दाम त्यांच्याच हातात दिला आणि म्हटलं, “पाळण्याच्या दोन दांड्यांमधलं अंतर बघा बरं किती आहे.” चष्मा कपाळावरून खाली आला. “साडेतीन इंच.” मग मी सांगितलं की हे अंतर साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन इंचांच्या किंचित वर, एवढंच चालतं. त्याहून जास्त असेल तर तान्ह्याचं अंग पायांकडून फटीतून सरकतं आणि डोकं वर अडकतं. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी दुसरी फट मोजली, मग तिसरी. खरादाचं काम असल्याने प्रत्येक फट जिथे दांडा बारीक तिथे आणखी रुंद होती. “माझे तिघं यात वाढले,” त्या शेवटी म्हणाल्या, पण टेप गुंडाळत गुंडाळत.

इथे ‘तुमचं नशीब बरं’ असं म्हणायचा मोह समुपदेशकाने आवरायचा असतो. मी विचारलं, तेव्हा दुपारी बाळाजवळ कोण असायचं? मोठी जाऊ, सासूबाई, विधवा आत्या, वर येणाऱ्याजाणाऱ्या बाया. पाळण्याची दोरी कुणाच्या ना कुणाच्या हातात असायचीच. आता या फ्लॅटमध्ये दुपारी दोनच बायका, त्यातली एक रात्रभर जागलेली.

रंगाचाही प्रश्न होता. बाळाला दात येऊ लागले की ते कठडा चघळतंच, आणि पाळण्याला मधे कधीतरी कुणीतरी बाजारचा तेलरंग दिलेला होता, पोपडे निघत होते. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नसावं हा आपल्याकडचा नियमच २०१६ सालचा आहे. पाळणा बारशाला वापरायचा, फुलं लावून, चार बायका भोवती उभ्या असताना, आणि मग बैठकीत शोभेला ठेवायचा, असं ठरलं. हे आजींनीच ठरवलं.

घोडियुंवर सून आणि आजी यांचं चक्क एकमत होतं, कारण बाळ त्यात पटकन झोपायचं. झोपणारच. पण झोळीत अंग धनुष्यासारखं वाकतं, तान्ह्याचं डोकं जड आणि मान लुळी, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चेपते. कापड दोन्ही बाजूंनी चेहऱ्याजवळ येतं ते वेगळंच. बाळ या अडचणीत सापडलं तर ते रडून सांगत नाही, मुद्दा तोच आहे. मी घोडियुं परत पाठवा म्हटलं नाही. जागं असताना, समोर बसून, चार झोके जरूर द्या. डोळा लागला की उचलून सपाट जागी ठेवा. शेजारच्या बेनचा मान राहिला.

मग नवा कॉट. फटी नीट होत्या, साडेपाच सेंटिमीटर. पण गादीवर मी पंजा दाबला तर पाच बोटांचा ठसा उमटला आणि बराच वेळ तसाच राहिला. सुनेला म्हटलं, “मऊ आहे ना?” तिने कौतुकाने मान हलवली. तान्ह्याला हीच मऊ गादी नको. ते पालथं पडलं तर नाक त्या खड्ड्यात जातं. गादी कडक हवी, सपाट हवी, आणि कॉटच्या आत इतकी घट्ट बसायला हवी की कडेला दोन बोटांहून जास्त जागा उरू नये. काथ्याची गादी कॉटच्या आतलं माप देऊन करून घेतली तर हे सहज जमतं. खाली सरकणारी बाजू मला त्याहून नापसंत. खिळे-खटके सैल होऊन बाजू निखळते आणि गादी-कठड्याच्या मधे बाळ अडकतं. असे प्रकार घडल्यावर अमेरिकेने २०११ साली असल्या कॉटच्या विक्रीवरच बंदी घातली. कठड्याला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्यांवर तिथे २०२२ साली कायद्याने बंदी आली. आपल्याकडे त्या ‘सेट’मध्ये फुकट मिळतात, हे फुकट फार महागात पडू शकतं. कॉट परत गेला. मुलगा जरा हिरमुसला, त्याने हप्त्यांवर घेतला होता.

आता मुख्य अडथळा. मी म्हटलं, कॉटमध्ये गादी, तिच्यावर घट्ट ताणलेली चादर, आणि बाळ. बास. उशी नको, लोड नको, रजई नको, ससा नको.

आजींचा चेहरा असा झाला की जणू मी बाळाला फरशीवर टाकायला सांगितलंय. त्या आत गेल्या आणि मोहरीची उशी घेऊन आल्या. पाव किलो राई निवडून, उन्हं दाखवून, मंगळबाजारातून आणलेल्या मलमलीत भरलेली. शिवण अशी की टाका शोधून सापडू नये. डोकं गोल व्हावं म्हणून. “आणि बारशाला लोक येतील,” त्या हळूच म्हणाल्या, “बघतील, नातवाला साधी उशी नाही यांच्याकडे.”

भांडणाचं मूळ मला इथे सापडलं. सुरक्षित कॉट दिसायला उघडाबोडका असतो आणि आपल्या घरांत उघडंबोडकं म्हणजे हेळसांड. आजी गेले सहा आठवडे उशी, लोड, गोधडी यांतून जे देत होत्या ते सून एकेक करून बाहेर काढत होती, तेही मोबाइल दाखवत. राग यायचाच.

उशी मी हातात घेतली, पाहिली, मनापासून चांगली शिवलीय म्हणाले. मग सांगितलं की उशीवर डोकं वर उचललं जातं, मान पुढे झुकते, आणि बाळ घसरलं तर तोंड उशीत. डोकं चपटं होऊ नये याला दुसरा उपाय आहे आणि तो आजींशिवाय होणार नाही. बाळ जागं असताना दिवसातून दोन-तीनदा, काही मिनिटं, गोधडीवर पालथं घालायचं आणि समोर बसून बोलायचं. मान धरते, खांदे बळकट होतात, डोक्याच्या मागचा भार उतरतो. रोज झोपवताना तोंडाची दिशाही बदलायची, आज उजवीकडे, उद्या डावीकडे. गोधडी कॉटमधून निघाली आणि बैठकीत पसरली. हे काम आजींकडे गेलं.

“आणि उताणं झोपवल्यावर दूध नाकात गेलं तर?” हा त्यांचा प्रश्न खरा होता, तो जवळजवळ प्रत्येक घरात येतो. उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे उलटून आलेलं दूध परत खालीच जातं. निरोगी बाळ ते गिळतं किंवा खोकतं. पालथं असताना हे उलट होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४ पासून त्याची देशभर मोहीम झाली, आणि झोपेत अचानक होणारे तान्ह्या मुलांचे मृत्यू पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आले. कुशीवर झोपवून दोन बाजूंना लोड लावणं हाही उपाय नव्हे. कुशीवरून बाळ पालथं व्हायला वेळ लागत नाही.

गादी उचलली तर खाली अडकित्ता! वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून लोखंड. सुनेने माझ्याकडे असं पाहिलं की ‘बघितलंत?’ मी अडकित्ता काढून आजींना म्हटलं, “लोखंड जवळ असलं म्हणजे झालं ना? मग तुमच्या उशाशी ठेवा, बाळाच्या नको.” चाललं त्यांना. गळ्यातला काळा दोरा पायात बांधला. धुरी मात्र बंदच करायला सांगितली, त्यात तडजोड नाही. ज्या खोलीत बाळ झोपतं तिथे ओव्याचा असो की विडीचा, धूर नको.

सून या सगळ्या वेळात जिंकल्यासारखी बसली होती. निघताना मी तिला जिन्यापर्यंत सोडायला ये म्हटलं. रात्री किती झोपतेस?

ती झोपतच नव्हती. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून बाळाच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला तरी खात्री वाटायची नाही, मग छातीवर हात. बाळ जागं व्हायचं, मग दोघं रडायचे. “नवा कॉट आला की नीट झोपेन,” ती म्हणाली. मला नाही वाटलं. माप घेऊन फटीची भीती जाते, ही भीती टेपच्या बाहेरची होती.

पुढच्या आठवड्यात ती एकटी आली. एडिंबरा प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांचा एक तक्ता आहे, १९८७ सालचा, बाळंतपणानंतरचं मन तपासायला आम्ही वापरतो. त्यात तिचे गुण काळजी करण्याइतके आले, म्हणून तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगितलं. ती गेली. मी त्याबरोबर एवढंच केलं की रात्रीचे दोन भाग पाडले. नऊ ते एक बाळ आजींच्या नजरेखाली, दुधापुरतं आईकडे. बापाने एकदा उठून बाळाला ढेकर काढायची आणि परत कॉटमध्ये ठेवायचं. आईने या चार तासांत बोट धरायला यायचं नाही. पहिल्या रात्री ती दोनदा आली. आजींनी तिला म्हटलं, “जा गं, मी आहे ना.” हे वाक्य माझ्या तोंडून आलं असतं तर काही उपयोग झाला नसता.

शेवटी घेतला तो कॉट अगदी साधा. चारही बाजू पक्क्या, सपाट तळ, चाकं नाहीत, झोका नाही. तळ खाली उतरवता येतो, बाळ बसायला लागलं की उतरवायचा, म्हणजे गादीपासून कठडा दोन फुटांच्या वर राहतो. आईच्या पलंगाला लागून नव्हे, पण हात पुरेल इतका जवळ, निदान पहिले सहा महिने तरी याच खोलीत. खिडकी, पडद्याची दोरी, एसीची वायर यांपासून लांब. पडून दूध पाजताना आईचा डोळा लागला तर जाग आल्यावर बाळ परत कॉटमध्ये. सोफ्यावर बाळ घेऊन डुलकी मात्र कधीच नाही. बडोद्याचा उन्हाळा असल्याने अंगावर एक सुती झबलं पुरे, मान-पाठ हात लावून बघायची, घामेजली असेल तर कपडे जास्त झालेत. मच्छरदाणी ताणून बांधायची, लोंबती नको. आणि ज्यांना कॉट परवडत नाही त्यांनी जमिनीवर, मोठ्यांच्या अंथरुणापासून वेगळी, कडक पातळ गादी घातली तरी वर लिहिलेलं सगळं तिथेही लागू आहे.

जूनमध्ये आजींचा फोन आला. आवाज चढलेला. “मॅडम, उपडा पडला! मी उताणा ठेवलेला, स्वतःच उपडा पडला. आता रात्रभर उलटा करत बसू का?”

म्हटलं, झोपवताना उताणाच ठेवा. त्याला दोन्हीकडून वळता यायला लागलं की मग तो जसा वळेल तसा राहू द्या. तोवर दिसला तर उताणा करा. आणि दुपट्यात गुंडाळणं आजपासून बंद, हात मोकळे हवेत.

“ते सूनबाईंनी कालच बंद केलं,” आजी म्हणाल्या. मग जरा थांबून, “ती राई होती ना उशीतली, धुऊन वाळवून कैरीच्या लोणच्याला वापरली. सरस झालंय. एक बरणी पाठवते.”