नोंदवहीतून नाव काढलेली कंपनी पूर्ववत कशी करावी?

प्रश्न : आमची फळप्रक्रिया करणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी 2013 मध्ये स्थापन झाली. 2015 नंतर वार्षिक विवरणे भरायची राहून गेली आणि 2018 मध्ये कंपनी निबंधकांनी (कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी) कंपनीचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. त्या वेळी आमचे शीतगृह चालू होते. जागेचा सातबारा कंपनीच्या नावावर आहे आणि बँकेने खाते गोठवले आहे. त्याच नावाची नवी कंपनी काढून जागा तिच्याकडे वर्ग करता येईल का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : तसे करता येणार नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 250 नुसार नाव काढलेली कंपनी केवळ येणी वसूल करण्यापुरती आणि देणी भागवण्यापुरती अस्तित्वात मानली जाते. त्यामुळे तिच्या वतीने नव्या कंपनीला खरेदीखत करून देण्याचा अधिकार आज कोणालाच नाही. शिवाय संचालक आणि भागधारक यांची जुनी जबाबदारीही संपलेली नाही, कारण कलम 248 ने ती कायम ठेवली आहे. आपल्यापुढे सरळ मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या (एनसीएलटी) मुंबई खंडपीठाकडे जाणे.

निबंधकांच्या आदेशाविरुद्ध अपील करण्याची तीन वर्षांची मुदत आपल्या बाबतीत उलटून गेली असली, तरी कलम 252(3) खाली कंपनी, भागधारक, धनको किंवा कामगार यांना राजपत्रातील प्रसिद्धीपासून वीस वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. संचालक अपात्र ठरले असतील तर भागधारक म्हणून अर्ज करणे सोयीचे पडते. अर्ज एनसीएलटी-9 या नमुन्यात करायचा असून त्याची प्रत सुनावणीच्या किमान चौदा दिवस आधी पुण्याच्या कंपनी निबंधकांना पोहोचवावी लागते.

खरा कस लागतो तो पुराव्यांचा. नाव काढले त्या वेळी कंपनीचा व्यवसाय चालू होता, किंवा अन्य कारणाने ती पूर्ववत करणे न्याय्य आहे, याची न्यायाधिकरणाला खात्री पटावी लागते. शीतगृहाची 2016 ते 2018 या काळातील वीजबिले, बँकेचे खातेउतारे, कर विवरणपत्रे, शेतकऱ्यांना दिलेल्या पावत्या आणि सातबारा हे सारे जोडावे. केवळ शून्य उलाढालीचे ताळेबंद जोडून ‘व्यवसाय चालू होता’ असे प्रतिज्ञापत्र करणाऱ्यांची केस तिथेच लंगडी पडते. आपल्या हाती कंपनीच्या नावावरची जमीन आहे, आणि ‘न्याय्य’ या निकषावर ती फार मोलाची आहे.

आदेश मिळाल्यावर त्याची प्रमाणित प्रत तीस दिवसांच्या आत आयएनसी-28 या फॉर्मसोबत निबंधकांकडे दाखल करावी लागते. त्यानंतर आदेश राजपत्रात प्रसिद्ध होतो. निबंधकांचा खर्चही अर्जदारालाच भरावा लागतो. मात्र खर्चाचा मोठा आकडा पुढे येतो, आणि वकिलाच्या फीची घासाघीस करणारे नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात. एओसी-4 (ताळेबंदासह आर्थिक विवरणे) आणि एमजीटी-7 (वार्षिक विवरण) या दोन फॉर्मना 1 जुलै 2018 पासून प्रत्येकी रोज 100 रुपये जादा शुल्क लागते, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. म्हणजे एका आर्थिक वर्षाची विवरणे एक वर्ष रखडली तर 73,000 रुपये, आणि पाच वर्षे रखडली तर त्याच एका वर्षासाठी 3,65,000 रुपये होतात. आपली थकबाकी 2015 पासूनची असल्याने बेरीज तीस लाखांच्या घरात जाऊ शकते. म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वी जागेचे बाजारमूल्य आणि हे शुल्क यांचा हिशेब सनदी लेखापालांकडून करून घ्यावा. डिसेंबर 2020 मध्ये पूर्ववत झालेल्या कंपन्यांना केंद्राने सवलत दिली होती हे खरे, पण तशी योजना पुन्हा येईल या आशेवर थांबू नये, कारण तोवर दिवसाचे मीटर चालूच राहते.

प्रश्न : कंपनी पूर्ववत झाली की माझी संचालकपदाची अपात्रता आपोआप संपेल का? (तेच वाचक)

उत्तर : नाही. सलग तीन आर्थिक वर्षे विवरणे न भरल्यास कलम 164(2) खाली येणारी अपात्रता पाच वर्षांची असते, आणि कंपनीचे नाव परत आल्याने ती पुसली जात नाही. आपली पाच वर्षे बहुधा उलटलेली असतील; तरीही आपला संचालक ओळख क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर सक्रिय दिसतो का, हे पाहून घ्यावे आणि केवायसी राहिली असल्यास ती आधी पूर्ण करावी, कारण रखडलेल्या विवरणांवर डिजिटल सही कोणी करायची हा प्रश्न आदेश हाती आल्याबरोबर उभा राहतो.