चार लोकांना 'का' विचारायचं?

प्रिय सोनू,

आजी फोनवर "चार लोक काय म्हणतील" म्हणाली आणि तू लगेच मला विचारलंस, "बाबा, मराठी लोकांत चांगलं-वाईट चार लोकच ठरवतात का? त्यांना कुणी का नाही विचारत?"

विचारतात गं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. नवरा वारला की बायकोच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, ही रीत तिथेही होती. इतर कितीतरी ठिकाणी अजून आहे. हे करणाऱ्या पुष्कळदा बायकाच असतात, आणि त्या काही दुष्ट नसतात. "पद्धत आहे" एवढंच उत्तर त्यांनाही मिळालेलं असतं. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने ही प्रथा बंद करायचा ठराव केला. पाठोपाठ राज्य सरकारने सगळ्याच ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं.

हे ग्रामसभेत झालं, याचं मला फार मोल वाटतं. तिथे गावातला प्रत्येक मतदार बसू शकतो, विधवा बाईसुद्धा. घरात "असंच असतं" म्हणून गप्प करता येतं. पण जिच्या बांगड्या फुटल्या तिच्या तोंडावर, सगळ्यांदेखत, त्याचं कारण काय सांगणार? जिला सोसावं लागतं तिला पटेल असं कारण ज्या रीतीकडे नाही, ती मोडावी, असं माझं ठाम मत आहे. आजीलाही विचार तू, पण उद्धटपणे नको. तिच्याकडे कारण असेल तर नीट ऐकून घे, आणि पटलं तर मान.

असे वाद आपल्याकडे जुने आहेत. टिळक आणि आगरकर जिवलग मित्र, १८८१ साली 'केसरी' सुरू करणाऱ्यांत दोघेही होते. पुढे समाजसुधारणेवरून बिनसलं आणि १८८८ साली आगरकरांनी 'सुधारक' काढलं. मुलींचं संमतीवय, म्हणजे ज्याच्या आत नवऱ्यालाही शरीरसंबंध ठेवता येत नाही ते वय, दहावरून बारा करणारा कायदा १८९१ साली आला, तेव्हा दोघे दोन बाजूंना होते. दोघांनीही आपापली कारणं छापून मांडली. पुण्यात काहींनी मात्र जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली. मुद्दा खोडता आला नाही की माणूस असं करतो. आणि ज्या मुलींबद्दल हे सगळं चाललं होतं, त्यांना कोण विचारत होतं? त्याआधी १८८५ साली, स्वतःचंच लहानपणी लग्न लावलं गेलेल्या रखमाबाईंनी बालविवाहाविरुद्ध वर्तमानपत्रात पत्रं लिहिली, तीही 'एक हिंदू स्त्री' या नावाआड राहून.

म्हणून हेरवाडचा ठराव मला आवडला, तरी एक गोष्ट मनात घोळते. उद्या एखादी बाई म्हणाली, "मला आता कुंकू लावावंसं वाटत नाही," तर? ठराव झालाय म्हणून तिला कुणी आग्रह केला, तर तीही जबरदस्तीच. तुला तो ठराव लिहायला सांगितला असता, तर तिच्यासाठी त्यात काय लिहिलं असतंस? मला कळव.

तुझा
बाबा