पाइप फुटला तर विमान पडते का? विमानाच्या हायड्रॉलिक प्रणालीचे भाग आणि त्यांचे काम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगड बंदरात आपल्या वडिलांचा ट्रॉलर आहे, त्यावर जाळे ओढायला हायड्रॉलिक विंच आहे, विमानातली हायड्रॉलिक प्रणालीही तशीच असते का, तिच्यात कोणकोणते भाग असतात, पंप हाच त्यातला मुख्य भाग समजावा का, आणि तेलाचा पाइप फुटला तर विमान पडते का. शेवटी आपण असेही लिहिले आहे की विंचचा होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, कुठेतरी बारीक गळतो आहे आणि जागा सापडत नाही. मी २४ वर्षे मुंबई आणि गोव्यात विमानांच्या देखभालीचे काम केले आणि आता वेंगुर्ल्याजवळ गावी राहतो. शेजारच्या तांडेलांनी त्यांच्या विंच दाखवायला मला कितीदा तरी बंदरावर नेले आहे, त्यामुळे दोन्हीकडचे थोडेफार पाहिलेले आहे.

भाग जवळजवळ तेच असतात: टाकी, पंप, फिल्टर, झडपा, नळ्या आणि शेवटी काम करणारा सिलिंडर किंवा मोटर. मात्र पंपाला मुख्य म्हणायला मी तयार नाही. मुख्य भाग तेल आहे, आणि विमानातले बाकीचे निम्मे भाग ते तेल स्वच्छ, थंड, फेसाविना आणि नळीच्या आत राहावे एवढ्यासाठीच बसवलेले असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर प्रत्येक भाग तिथे का आहे हे पाठ करावे लागत नाही.

तत्त्व शाळेत शिकवतात तेच, पास्कलचे: कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. बहुतेक प्रवासी विमानांत हा दाब ३००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ३००० पौंड असतो; ए३८० आणि बोइंग ७८७ मध्ये तो ५००० पर्यंत नेला आहे. दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठ्या जागेवर साधारण १३६० किलोचा भार, असा त्याचा अर्थ होतो. दहा चौरस इंचांचा दट्ट्या असलेला, हातात धरता येईल एवढा सिलिंडर त्या दाबावर साडेतेरा टनांच्या आसपास जोर लावतो, आणि इतक्या कमी जागेत व वजनात हे काम दुसऱ्या कशाने सहजी होत नाही म्हणूनच चाके, फ्लॅप (उतरताना पंखाच्या मागून खाली येणारे पट्टे), ब्रेक आणि मोठ्या विमानांत सुकाणूचे पृष्ठभाग हायड्रॉलिकवर चालतात.

तेलाचे प्रकार मुख्यतः दोन. लहान विमानांत आणि चाकांच्या शॉक स्ट्रटमध्ये, म्हणजे धक्का झेलणाऱ्या पायांत, लाल रंगाचे खनिज तेल वापरतात. मोठ्या प्रवासी विमानांच्या प्रणालीत जांभळ्या रंगाचे फॉस्फेट एस्टर असते, ज्याला आम्ही सगळे त्याच्या व्यापारी नावाने स्कायड्रॉल म्हणतो. ते सहजासहजी पेट घेत नाही, हा त्याचा मोठा गुण. अवगुण पुष्कळ आहेत: ते हवेतले पाणी शोषून घेते, रंग उकलवते आणि अंगावर पडले की जळजळते. आपल्याकडे ओले काजूगर काढणाऱ्या बायकांचे हात चिकाने कसे सोलतात ते आपण पाहिले असेल. स्कायड्रॉलचा त्रास मला नेहमी त्याचीच आठवण करून देतो, फक्त हे डोळ्यात गेले तर नळाखाली बराच वेळ डोळा उघडा धरून उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते.

या दोन तेलांची सरमिसळ होता कामा नये, कारण दोन्हींसाठी लागणारे सील, म्हणजे सांध्यांतून तेल बाहेर येऊ न देणाऱ्या कड्या, वेगळ्या रबराचे असतात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका हँगरमध्ये मी हे प्रत्यक्ष पाहिले. रात्रपाळीत कोणीतरी चुकीच्या डब्यातले लाल तेल जांभळ्या प्रणालीत भरले. तेल फार नव्हते, पण खनिज तेलाने त्या सीलचे रबर फुगते, आणि फुगलेला सील कधी अडकतो तर कधी कापला जातो. संपूर्ण प्रणाली रिकामी करून धुवावी लागली, सील बदलावे लागले आणि विमान कित्येक दिवस जागचे हलले नाही. डब्याच्या रंगाकडे पाहण्याचे दोन सेकंद कोणीतरी वाचवले होते.

आता टाकी. आपल्या ट्रॉलरवरची टाकी साधी, वर श्वास घ्यायला छिद्र असलेली असते. विमानात असे चालत नाही. ३५,००० फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव असतो, आणि एवढ्या कमी दाबाखाली पंपाने तेल ओढले तर त्यात बुडबुडे तयार होतात. बुडबुड्यांचे तेल दाबले जाते, काम करत नाही. शिवाय ते बुडबुडे पंपात फुटताना धातूचे कण खरवडून काढतात. म्हणून टाकीत इंजिनाकडून आलेली हवा साधारण ५० पीएसआय दाबाने भरून ठेवतात, म्हणजे तेल स्वतःहून पंपाकडे ढकलले जाते. टाकी उघडण्याआधी हा दाब सोडावा लागतो, हे नव्या माणसाला एकदा सांगून पुरत नाही. तेलाची पातळी पाहण्यातही एक मेख आहे: चाकांचे दरवाजे उघडे असतील किंवा ॲक्युम्युलेटर (दाब साठवणारा गोळा, त्याच्याबद्दल पुढे) रिकामा असेल तर तेल दुसरीकडे असते आणि काटा भलतेच दाखवतो, त्यामुळे विमान ठरावीक स्थितीत आणल्यावरच पातळी वाचायची.

पंपाच्या बाबतीत विंच आणि विमान यांची वाट खरोखर वेगळी होते. विंचवर बहुतेकदा गिअर पंप असतो. तो फिरेल तितके तेल फेकतोच. जाळे अडकले की ते तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या झडपेतून, कण्हत टाकीत परत जाते आणि तापते. विमानाच्या पंपात एका गोल ठोकळ्यात बहुधा नऊ दट्टे बसवलेले असतात आणि त्यांचे बूट, म्हणजे टोकाचे सरकते तळ, एका तिरप्या तबकडीवर टेकलेले असतात. ठोकळा फिरला की तिरपेपणामुळे प्रत्येक दट्ट्या आळीपाळीने मागे-पुढे होतो, तेल ओढतो आणि ढकलतो. खरी हुशारी त्या तिरपेपणात आहे: दाब ३००० ला पोहोचला की एक लहानशी झडप तबकडी जवळजवळ सरळ करते, दट्टे फिरत राहतात पण सरकत नाहीत, आणि पंप काही न फेकता नुसता दाब धरून राहतो. कोणी फ्लॅपचा दांडा ओढला, दाब किंचित उतरला, की तबकडी लगेच तिरपी होते.

या पंपाच्या दांड्याला मुद्दाम एक बारीक मान ठेवलेली असते. पंप आतून जाम झाला तर ती मान तुटते आणि इंजिनाचा गिअरबॉक्स वाचतो. आउटबोर्ड मशीनच्या पंख्यात दगडाला आपटल्यावर तुटायला मऊ पिन घालतात, तोच विचार.

पंपाचे बूट आणि ठोकळा यांना वंगण घालत थोडे तेल सतत वेगळ्या नळीने बाहेर येते. त्याला केस ड्रेन म्हणतात. ते गरम असते, म्हणून बोइंग ७३७ मध्ये ते पंखातल्या इंधनाच्या टाकीतून फिरवून थंड करतात. वाटेत त्याला स्वतःचा फिल्टर असतो, आणि मला विचाराल तर संपूर्ण प्रणालीत सर्वांत बोलका भाग हाच. फिल्टरची वाटी उतरवायची, तेल पांढऱ्या कापडावर ओतायचे आणि ते कापड उजेडात तिरपे धरून पाहायचे. नुसता जांभळा डाग दिसला तर ठीक. पितळी रंगाची भुकटी चमकली तर पंप आतून झिजतो आहे आणि तो मोडण्याआधी बदलायचा. असे दोन पंप मी कापड पाहून उतरवले आहेत, दाबाचा काटा तोपर्यंत अगदी व्यवस्थित होता. पुढे दाबाच्या नळीत आणि परतीच्या नळीतही फिल्टर असतात, आणि फिल्टर तुंबू लागला की त्याच्या डोक्यावरचे लाल बटण बाहेर येऊन दिसते. एवढी काळजी घ्यायचे कारण पुढच्या सर्व्हो व्हॉल्व्हमध्ये आहे, कारण त्यातल्या दांड्याभोवतीची फट अवघी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारांश, असते आणि डोळ्यांना न दिसणारा कणही तिथे अडकू शकतो.

सर्व्हो व्हॉल्व्हचे काम असे: वैमानिकाने, किंवा हल्लीच्या विमानांत संगणकाने तारेतून, मागणी केली की आतला दांडा सरकतो, तेल सिलिंडरच्या एका बाजूला जाते आणि पृष्ठभाग वळू लागतो. तो वळेल तशी झडप उलटी सरकत येते, त्यामुळे मागितला तेवढा वळला की वाट बंद होते आणि तो तिथेच थांबतो. चाकांसाठी इतकी नजाकत लागत नाही. तिथे साध्या निवडक झडपा एकामागून एक ठरलेल्या क्रमाने उघडतात: आधी दरवाजे, मग कुलूप, मग चाक, मग पुन्हा दरवाजे. सिलिंडरचा चकचकीत क्रोम दांडा तेवढा सांभाळायचा असतो, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने त्यावर सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला तरी दर फेरीला तो सील खरवडत राहतो.

ॲक्युम्युलेटर म्हणजे एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला तेल असलेला मजबूत गोळा किंवा नळकांडे. तो धक्के शोषतो आणि अडीनडीला दाब साठवून ठेवतो. एअरबस ए३२० मध्ये सगळे पंप बंद पडले तरी ब्रेकच्या ॲक्युम्युलेटरवर किमान सात वेळा पूर्ण ब्रेक लावता येतात, आणि उभ्या विमानाचा पार्किंग ब्रेकही त्यावरच धरलेला असतो.

आता आपला मुख्य प्रश्न. पाइप फुटला तर विमान पडत नाही, कारण प्रणाली एक नसते. ए३२० मध्ये हिरवी, निळी आणि पिवळी अशा तीन स्वतंत्र प्रणाली आहेत. हिरवीला एका इंजिनाचा पंप, पिवळीला दुसऱ्याचा आणि निळीला विजेवरचा. त्यांचे तेल एकमेकांत मिसळत नाही. एकाचा दाब उतरला तर हिरवी आणि पिवळी यांच्यामधले एक यंत्र मदतीला येते, ज्यात एका बाजूच्या तेलावर फिरणारी मोटर दुसऱ्या बाजूचा पंप फिरवते. फक्त जोर पलीकडे जातो, तेल नाही. गोव्याच्या दाभोळी विमानतळावर विमान धावपट्टीकडे जाताना पायाखाली कुत्रा भुंकल्यासारखा किंवा करवत चालवल्यासारखा जो आवाज येतो आणि प्रवासी एकमेकांकडे पाहू लागतात, तो याच यंत्राचा. दोन्ही इंजिने आणि वीज गेली तर पोटाखालून एक छोटा पंखा बाहेर पडतो, वाऱ्याने फिरतो आणि निळ्या प्रणालीला दाब देतो. चाके तर कुलूप उघडल्यावर स्वतःच्या वजनाने खाली येतात.

तरीही सगळ्या प्रणाली एकदम गेल्याची उदाहरणे आहेत. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या ७४७ चा मागचा दाबरोधक पडदा फुटला, शेपटीत चारही प्रणालींच्या नळ्या तुटल्या आणि ५२० माणसे गेली. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेडच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क, म्हणजे पंख्याची पाती धरणारी चकती, फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही प्रणालींचे तेल सांडवले. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. दोन्ही वेळा चालू इंजिनांवरचे पंप धडधाकट होते, तेल मात्र उरले नव्हते. त्यानंतर डीसी-१० मध्ये हायड्रॉलिक फ्यूज बसवले गेले: ठरावीक मापापेक्षा जास्त तेल एकदम वाहून गेले की ही झडप आपोआप बंद होते आणि फुटलेल्या नळीच्या अलीकडचे तेल वाचते. ए३८० मध्ये तर काही सिलिंडरांना स्वतःचा विजेवरचा पंप आणि स्वतःचे थोडेसे तेल दिले आहे, म्हणजे लांब नळीवर अवलंबून राहणेच नको.

आपल्या चिपी विमानतळावर येणाऱ्या एटीआरची, म्हणजे पंख्याच्या लहान प्रवासी विमानाची, गोष्ट निराळी. तिच्यात निळी आणि हिरवी अशा दोनच प्रणाली आहेत आणि पंखांवरचे व शेपटीवरचे सुकाणूचे मुख्य पृष्ठभाग वैमानिक केबलने, हाताच्या जोरावर वळवतो. हायड्रॉलिकवर मुख्यतः चाके, ब्रेक, फ्लॅप, स्पॉयलर (पंखावर उभ्या होणाऱ्या पट्ट्या) आणि पुढच्या चाकाचे वळण ही कामे आहेत.

राहिला आपल्या विंचचा होज. गळती शोधायला त्यावर हात फिरवू नका, वडिलांनाही फिरवू देऊ नका. दाबाखालच्या सुईएवढ्या छिद्रातून येणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती हातमोजा आणि कातडी भेदून तेल आत सोडते. वर टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही फारसे नाही, आणि काही तासांत आतले मांस सडू लागते. असे झाले तर दुखण्याची वाट न पाहता थेट शस्त्रक्रिया होईल अशा मोठ्या रुग्णालयात जावे लागते आणि तेल शिरले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे लागते. आम्ही हँगरमध्ये हातभर काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून तो नळीच्या कडेने सावकाश फिरवत असू. ज्या जागी पुठ्ठ्यावर ओला ठिपका उमटेल तिथे गळती आहे. मग इंजिन बंद करा, विंचचा दांडा दोन्हीकडे हलवून अडकलेला दाब सोडा आणि होज बदलून टाका. वर रबर गुंडाळून तो चालवू नका.