बंपर फुटला : जोडायचा की बदलायचा?

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला घासून मागच्या बंपरच्या उजव्या कोपऱ्याला वीतभर तडा गेला आहे. बंपर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यात बोट जाईल एवढी फटही पडली आहे. सर्व्हिस सेंटर म्हणतं बदला, नाक्यावरचा डेंटर म्हणतो स्टेपल (तारेच्या पिना) मारून देतो. कोणाचं ऐकावं? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आधी बंपर खोलून आतली बाजू बघा, मग कोणाचं ऐकायचं ते ठरवा. बाहेरून दिसतं ते फक्त प्लॅस्टिकचं कव्हर. धक्का सोसायचं काम त्यामागचा फोम आणि धातूची आडवी पट्टी करते. पट्टी वाकली असेल किंवा फोम चिरडला असेल, तर कव्हर कितीही छान जोडलं तरी पुढच्या धडकेला गाडी उघडी पडते. त्यामुळे न खोलता बाहेरूनच 'होऊन जाईल' म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका.

फटीचं कारण बहुतेक वेळा तड्यापेक्षा वेगळं असतं. बंपरचा कोपरा फेंडरला एका लहान प्लॅस्टिक ब्रॅकेटने धरलेला असतो. कोपरा तळहाताने दाबून बघा. 'टक' आवाज होऊन तो बसला आणि बसलेलाच राहिला, तर लॉक (अडकवायची खाच) फक्त सुटला होता. परत बाहेर आला, तर ब्रॅकेट तुटलं आहे किंवा बंपरचे स्वतःचे लॉक. ब्रॅकेट सुटं मिळतं आणि बंपरच्या मानाने अगदी स्वस्त असतं. बंपरचा एखादा लॉक तुटला असेल तर तो वेल्ड होतो. पण एका कोपऱ्याचे सगळेच लॉक गेले असतील, तडा स्क्रूच्या भोकातून आरपार गेला असेल किंवा तुकडाच हरवला असेल, तर नवा बंपर घ्या. असा जोडलेला कोपरा आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत फार दिवस तग धरत नाही.

तुमचा तडा यात बसत नसेल तर दुरुस्ती जरूर करा, मात्र ती नीट करून घ्या. बंपरच्या आत प्लॅस्टिकचा प्रकार छापलेला असतो, बहुतेकदा 'पीपी+ईपीडीएम' (पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिक, ईपीडीएम म्हणजे एक प्रकारचं रबर). या प्लॅस्टिकला झटपट गोंद किंवा एपॉक्सी धरत नाही, म्हणून ते वितळवूनच जोडावं लागतं. साबणाच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा काढायचा, मग तडा जिथे संपतो तिथे ३ मिमीचं भोक पाडायचं. हे भोक नसेल तर जोडाच्या पुढे तडा सरकतच राहतो. पुढून टेप लावून दोन्ही कडा एका पातळीत धरायच्या आणि आतून दर दोन-अडीच सेंटीमीटरवर स्टेनलेस स्टीलचे गरम स्टेपल अर्ध्या जाडीपर्यंत रुतवायचे. कव्हर साधारण ३ मिमी जाड असतं, त्यामुळे स्टेपल जास्त खोल गेला तर पुढून उठून दिसतो. मग पुढच्या बाजूने 'व्ही' आकाराची खाच काढून त्यात पीपीची कांडी वितळवून भरायची. बरेच जण इथे फक्त स्टेपल मारून वर लांबी (पुटी) ओढतात. बंपर लवचीक आणि साधी लांबी कडक, त्यामुळे पहिल्याच दणक्यांत त्याच रेषेवर रंगाला केसासारखी चीर उमटते. लांबी प्लॅस्टिकसाठीची लवचीक हवी आणि तीही पातळ.

रंगाचे पापुद्रे निघतात त्याचं मुख्य कारण म्हणजे उघड्या प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक प्रायमर न मारणं. तो मारलाच पाहिजे, हे आधी बोलून घ्या. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) धुरकट होतो, तेव्हा काम उघड्यावर नको, पेंट बूथमध्येच करून घ्या.

प्रश्न : विमा आहे, तर बंपरसाठी क्लेम करावा का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : एकट्या बंपरसाठी शक्यतो नको. हिशोब मांडून बघा. समजा बंपर ४,००० रुपये, रंग ४,००० आणि मजुरी १,०००, एकूण ९,०००. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे २,०००. रंगाचं बिल एकत्रित असेल तर त्यातला २५ टक्के भाग मालाचा धरून त्यावर ५० टक्के, म्हणजे ५००. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० (त्यावरच्या गाडीला २,०००). हातात पडतात ५,५००.

आता दुसरी बाजू. तुमचा नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ३५ टक्के आहे आणि ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता बोनसआधी १२,००० आहे असं धरू. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ५,४०० सूट मिळाली असती. ती पूर्ण जाते. त्यापुढच्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी पुन्हा सुरुवातीचे २०, म्हणजे आणखी ३,६०० गेले. दोन वर्षांत ९,००० गेले. झीरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) असेल तरी ८,०००च मिळतील, म्हणजे तोटाच. बोनस आधीच शून्य असेल, एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम करूनही बोनस टिकवणारं जादा कव्हर) घेतलेलं असेल किंवा हेडलॅम्प, रेडिएटरही गेला असेल, तर गोष्ट वेगळी. असा क्लेम करणार असाल तर विमा कंपनीच्या सर्व्हेआधी काहीही खोलू नका.

प्रश्न : कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना बंपर मिळतो. घ्यावा का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : घ्यायला हरकत नाही, पण तो उलटा करून बघा. आतून स्टेपल किंवा वितळल्याचे डाग दिसले तर सोडून द्या. दोन्ही टोकांचे लॉक शाबूत हवेत. तुमच्या मॉडेलचा फेसलिफ्ट (कंपनीने मधेच बदललेलं रूप) झाला असेल तर वर्ष जुळवा, आणि सेन्सर, फॉगलॅम्पची भोकं मोजा. रंग सहसा जुळत नाही, म्हणजे रंगकाम करावंच लागतं. वाचतो तो फक्त बंपरच्या किमतीतला फरक.

प्रश्न : गाडीला रडार आणि पार्किंग सेन्सर आहेत. बंपर जोडला तर चालेल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : रडारच्या समोरच्या भागात नाही. तिथे धातूचे स्टेपल आणि लांबीचा थर आला की लहरी अडतात किंवा वळतात आणि गाडी अंतर चुकीचं मोजते. तो भाग फुटला असेल तर नवाच बंपर घ्या, रंगाचा थर कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत ठेवा आणि बसवल्यावर रडारचं कॅलिब्रेशन (मोजमाप पुन्हा जुळवणं) झाल्याची नोंद बिलावर घ्या. पार्किंग सेन्सरच्या तोंडावर रंगाचे जाड थर चढले तर समोर काही नसतानाही ते वाजत राहतात.

प्रश्न : सारखा घासतो म्हणून पुढे लोखंडी गार्ड लावावा का? (एक वाचक, परळ)

उत्तर : अजिबात नको. तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात जातो आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे. गार्ड थेट चासिसला जोडलेला असतो. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का शोषणार असतो, ते होत नाही, आणि एअरबॅगच्या सेन्सरची वेळ चुकू शकते. पायी चालणाऱ्याला तर तो बंपरपेक्षा कितीतरी जास्त लागतो. कोपऱ्यांवर रबरी पट्ट्या चिकटवा आणि पार्किंगच्या खांबाला फोम गुंडाळा.